वाचकांचे प्रश्न : पणजीचे नाव लेकीला ठेवावे का?

प्रश्न : आम्हाला महिन्याभरापूर्वी मुलगी झाली. बाळंतपणासाठी मी नाशिकला माहेरी आले असून बारसे तिसऱ्या महिन्यात पुण्याला, सासरी करायचे ठरले आहे. माहेरच्या माळ्यावर एक मोठा पितळी डबा आहे. त्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांत ‘चि. सौ. कां. यमुना हिस वडिलांकडून’ असा मजकूर आहे. ही यमुना म्हणजे माझ्या वडिलांची आजी. लग्नात तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले आणि पुढे सगळ्या घराने तिला लक्ष्मीबाई म्हणूनच ओळखले. डबा नसता तर तिचे माहेरचे नाव आम्हाला कधी कळलेही नसते. मुलीचे नाव यमुना ठेवावे असे मला मनापासून वाटते आणि माझ्या पतीलाही ते आवडले आहे. परंतु सासूबाई म्हणतात की हे म्हातारीचे नाव आहे. नणंदबाईंनी ‘अनायरा’ हे नाव सुचवले असून यमुना हे नाव आपण पाळण्यात घेणार नाही, असे त्यांनी बजावले आहे. चुलत सासऱ्यांच्या मते यमुना ही यमाची बहीण, म्हणून नाव अशुभ आहे. शिवाय मुलीला नदीचे नाव ठेवू नये, असे शास्त्र आहे म्हणे. पत्रिकेत ‘व’ हे अक्षर आले आहे. मैत्रिणींना भीती वाटते की शाळेत तिला ‘यमी’ म्हणून चिडवतील. पती म्हणतात, नाव चांगलेच आहे, पण आईला दुखवून नको. मी हट्ट धरते आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाव तुम्ही दोघांनी मिळून निवडले आहे, त्यामागे घराण्यातील एका स्त्रीची खरी आठवण आहे, आणि ते उच्चाराला सोपे व अर्थाला निर्मळ आहे; तेव्हा ते अवश्य ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. याला हट्ट म्हणता येणार नाही. तरीही ज्यांनी आक्षेप घेतले आहेत तीच माणसे उद्या तुमच्या मुलीला अंगाखांद्यावर खेळवणार आहेत, म्हणून त्यांच्या एकेका म्हणण्याला नीट उत्तर असले पाहिजे आणि ते उत्तर प्रेमाने देता आले पाहिजे.

सासूबाई या नावाला म्हातारीचे नाव म्हणतात. या बाबतीत तुमच्याच पत्रातील एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली असावी. तुमच्या पणजीला म्हातारपणी यमुना म्हणून हाक मारणारे कोणी उरलेच नव्हते. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने ‘लक्ष्मी’ ही अक्षरे उमटली त्या दिवसापासून ती सासरी लक्ष्मी झाली, मग लक्ष्मीबाई झाली आणि लक्ष्मीबाई म्हणूनच म्हातारी झाली. त्या काळी लग्ने कोणत्या वयात होत हे आपल्याला ठाऊक आहे. यमुना हे नाव तुमच्या घराण्यात वापरले गेले ते एका लहान मुलीसाठी, तिच्या माहेरच्या अंगणात, आणि तेही थोडीच वर्षे. तुम्ही ते पुन्हा एका लहान मुलीला देत आहात. सासूबाईंना हे अगदी याच शब्दांत सांगून पाहावे, कारण त्याही लग्न होऊन या घरात आलेल्या आहेत, आणि त्यांच्या पिढीतही सासरी नाव बदलण्याची चाल सर्रास होती. त्यांचे स्वतःचे माहेरचे नाव काय होते, हे तुम्ही कधी विचारले आहे का? विचारले नसेल तर नावाची चर्चा तेथूनच सुरू करावी.

तुमच्या पणजीचे जे झाले ते महाराष्ट्रातील नामवंत स्त्रियांचेही झाले आहे. रमाबाई रानडे या माहेरच्या यमुना. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या रमा झाल्या. १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई सासरी आनंदीबाई झाल्या आणि पुढे बाया कर्वे या नावाने सर्वांना परिचित झाल्या. यमुना, तापी, गोदा अशी नद्यांची नावे आईवडिलांनी हौसेने लेकींना ठेवली आणि लग्नाने ती मिटवली. मोठे कर्तृत्व गाजवूनही रमाबाई आणि आनंदीबाई जोशी यांचे पहिले नाव आज चरित्राच्या पहिल्या पानापुरतेच उरले आहे, याचे मला फार वाईट वाटते. आता काळ बदलला आहे. तुमच्या लेकीला तिचे नाव लग्नानंतर कोणी टाकायला लावणार नाही. यमुना म्हणून ती शाळेत जाईल, नोकरी करील आणि यमुना म्हणूनच म्हातारी होईल. तुमच्या पणजीला जे मिळाले नाही ते या नावाला आता मिळेल, आणि माझ्या दृष्टीने हे नाव ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

नदीचे नाव ठेवू नये असे शास्त्र आहे, हे तुमच्या चुलत सासऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वधू कशी नसावी हे सांगताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत इत्यादींची नावे असलेली मुलगी टाळावी, असे वचन आहे. मात्र ते वचन असतानाही आपल्याकडे घरोघर गंगा, गोदावरी, कृष्णा, भीमा, चंद्रभागा, तुळसा, रोहिणी आणि रेवती जन्माला आल्या, त्यांची लग्ने झाली आणि त्यांचे संसार सुखाने झाले. शास्त्राचे वजन लोकाचारापुढे किती टिकले हे यावरून दिसते. शास्त्रातच पाहायचे तर पारस्कर गृह्यसूत्र सांगते की मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे, आणि मनुस्मृतीचाच दुसरा अध्याय सांगतो की ते सुखाने उच्चारता येणारे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे. य-मु-ना ही तीन अक्षरे आहेत, शेवट ‘ना’ असा आहे, आणि जोडाक्षर एकही नाही. शास्त्राचा आधार घेणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर हा आधारही नम्रपणे ठेवता येईल.

राहता राहिली यमाची बहीण. ती तर आहेच, आणि म्हणूनच आपण भाऊबीज साजरी करतो. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यमद्वितीया म्हणतात. त्या दिवशी यमाने बहिणीच्या, म्हणजे यमुनेच्या, घरी जाऊन भोजन केले अशी कथा आहे. ज्याच्या नावाने सगळे जग भिते तो ज्या एका घरी प्रेमाने पाहुणा होऊन जातो, त्या घरची ही मालकीण आहे. दर दिवाळीत आपल्या घरातल्या बहिणी ओवाळतात ते याच यमुनेच्या नात्याने. शिवाय संतांच्या गौळणींतून कृष्णाची बासरी वाजते ती यमुनेच्या काठी. या नावात अशुभ काय आहे, हे मला तरी दिसत नाही. तुमच्या मनात गंगा किंवा भागीरथी असते तर मी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून दिली असती : आपल्याकडे विधवा स्त्रियांच्या नावाआधी ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी, असे लिहिण्याची जुनी रीत होती, आणि ज्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी ती उपाधी सोसली किंवा जवळून पाहिली त्यांच्या मनात ती नावे ऐकताच वेदना उमटू शकते. अशा वेळी त्या वेदनेचा मान राखणे हे नावाच्या हौसेपेक्षा मोठे ठरते. यमुनेच्या बाबतीत तसे काही नाही. मात्र सासूबाईंच्या मनात या नावाची एखादी दुःखद आठवण आहे का, हे एकदा हळुवारपणे विचारून घ्यावे. नाव आवडत नाही आणि नावाने दुखते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर काळ हा उपाय आहे, दुसरीचा विचार तुम्हाला करावा लागेल.

पत्रिकेतील अक्षराची अडचण सर्वांत सोपी आहे. नामकरण संस्कारात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे ठेवण्याची पद्धत आहे. अवकहडा चक्रावरून, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचे अक्षर सांगणाऱ्या तक्त्यावरून, येणारे अक्षर नाक्षत्रनामासाठी असते. ते नाव पत्रिकेत लिहिले जाते आणि धार्मिक कार्यात वापरले जाते. व्यावहारिक नावाला त्या अक्षराचे बंधन नाही. ‘व’ अक्षरावरून एखादे सुंदर नाक्षत्रनाम निवडावे, ते निवडण्याचा मान नणंदबाईंना द्यावा, आणि हाक मारण्याचे नाव यमुना ठेवावे.

नणंदबाईंविषयी थोडे अधिक लिहितो, कारण बारशात आत्याचा मान मोठा असतो आणि तो रुसव्यात जाऊ नये. बाळाला ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून-वरून देणे, कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ करणे, आणि मग भोवतीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालणे, हा सगळा सोहळा तिच्याभोवती फिरतो. परंतु रूढीने आत्याला नाव जाहीर करण्याचा मान दिला आहे. नाव ठरवणे हे आईवडिलांचे काम आहे. नणंदबाईंनी सुचवलेले नाव तुम्ही स्वीकारत नाही, यात त्यांचा अपमान नाही, पण तो तसा वाटू नये यासाठी बारशाच्या दिवसापर्यंत थांबू नका. आधी त्यांना घरी बोलवा किंवा त्यांच्या घरी जा, डब्याच्या झाकणाचे छायाचित्र त्यांच्या हाती द्या, आणि ते नाव कोठून आले हे तुमच्या तोंडून ऐकवा. अक्षरे पाहिल्यावर पुष्कळ माणसांचे मत बदलते. वाद घालून ते सहसा बदलत नाही. त्या तरीही तयार झाल्या नाहीत, तर त्यांना लाडाचे वेगळे नाव ठेवू द्यावे. आपल्याकडे माई, छकुली, बाळी, ताई अशा घरगुती नावांनी हाक मारण्याला कधीच कमीपणा मानला गेलेला नाही.

पतीशी मात्र तुम्हाला स्पष्ट बोलावे लागेल. सासूबाईंशी ही गोष्ट तुम्ही बोललात तर ती सून विरुद्ध सासू अशी होते. मुलाने बोलली तर ती मुलाने आईला सांगितलेली आपली आवड राहते. नाव त्यांनाही आवडले असेल तर ‘हिला हवे आहे’ असे न म्हणता ‘मला हे नाव ठेवायचे आहे’ असे त्यांनी स्वतः, एकट्याने, आईजवळ बसून सांगितले पाहिजे. आईला दुखवायचे नाही ही त्यांची भावना चांगली आहे, परंतु तिच्यासाठी बायकोने आपली इच्छा मागे घ्यावी असा तिचा अर्थ होऊ नये. एकदा दोघांचे ठरले की मग मात्र नाव मतदानाला टाकू नका. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ‘कसे वाटते?’ असे विचारले की प्रत्येकजण काहीतरी सांगतो, आणि सांगितलेले ऐकले नाही की त्याला वाईट वाटते. ‘आम्ही यमुना हे नाव ठेवले आहे’ एवढे एक सरळ वाक्य पुरेसे असते.

मैत्रिणींची भीती खोटी नाही. मुले चिडवतात. पण ती प्रत्येक नावाला काही ना काही शोधून काढतात, आणि नवे नाव त्यातून सुटत नाही. आजच्या बालवाडीत यमुना बहुधा एकटीच असेल, तर आराध्या किंवा विहान दोन-दोन असतील आणि त्यांना आडनावाच्या पहिल्या अक्षराने वेगळे करावे लागत असेल. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हजेरीपटावर सुनीता, संगीता आणि सुरेखा यांची अशीच गर्दी होती. त्याआधीच्या पिढीने यमुना, गोदावरी, द्वारका ही नावे जुनाट म्हणून बाजूला सारली आणि कुसुम, मालती, नलिनी ही त्या काळातील नवी नावे उचलली. आज कोणाला कुसुम नवे वाटते? सई, मुक्ता, राधा, रमा, जिजा ही नावेही एकेकाळी आजीच्या पिढीची मानली जात आणि आता ती शाळाशाळांतून ऐकू येतात. अनायरा हे नावही साठ वर्षांनी आजीचेच होईल. मुलीला चिडवण्यापासून वाचवायचे असेल तर तिला तिच्या नावाची गोष्ट लहानपणापासून सांगा, डबा तिच्या हाताला लागेल असा ठेवा, आणि घरातील कोणीही, अगदी लाडानेसुद्धा, ते नाव हिणवून घेणार नाही एवढी काळजी घ्या. घरात ज्या नावाचा मान असतो ते नाव शाळेतही मूल मान ताठ ठेवून सांगते. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. गोदूबाईंची आनंदीबाई ज्या घराण्यात झाली त्याच घराण्यात त्या सून म्हणून आल्या, इरावतीच राहिल्या आणि मानववंशशास्त्रात त्यांनी त्याच नावाने कीर्ती मिळवली. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नावही कोणाला जड झाले नाही.

एक शेवटची गोष्ट अवश्य करून पाहावी. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते. यमुनेनंतर तुमचे नाव येणार आहे. हे सारे एका दमात, मोठ्याने, दोन-चार वेळा म्हणून पाहा.


प्रश्न : माझी अडचण कदाचित वेगळी आहे. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात राहतो. मला मुलगा झाला आहे आणि सासरच्या सर्वांना त्याचे नाव माझ्या दिवंगत सासऱ्यांवरून धोंडीराम असेच ठेवायचे आहे. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ही घरची रीत आहे. सासऱ्यांविषयी मला आदर आहे, पण दगडधोंड्याचे नाव माझ्या मुलाला ठेवू नये असे वाटते, आणि त्यांचे नाव घेऊन मुलावर ओरडायचे कसे, हाही प्रश्न आहे. पती गप्प आहेत.
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : वरच्या पत्रात आईला जुने नाव हवे आहे आणि घराला नको आहे, तुमच्याकडे याच्या उलट आहे. माझे उत्तर मात्र दोन्हीकडे एकच राहील : व्यावहारिक नाव आईवडिलांनी मिळून ठरवावे, आणि दोघांपैकी एकाला ते मनापासून नको असेल तर ते ठेवू नये. जुने नाव सुंदर असते म्हणून ते लादणेही योग्य ठरते, असे नाही.

तरीही धोंडीराम या नावाविषयी मनात अढी धरू नका, अशी विनंती करतो. धोंडू, दगडू, केरू ही नावे बहुधा अशा घरांत ठेवली जात, जेथे आधीची मुले दगावलेली असत. मुलाला गोड नाव ठेवले तर दृष्ट लागेल, काळाची नजर त्याच्याकडे वळेल, म्हणून आईबाप त्याला धोंडा म्हणत, केर म्हणत आणि मनातल्या मनात तो जगावा अशी प्रार्थना करीत. तुमच्या सासऱ्यांच्या किंवा त्यांच्या आधीच्या एखाद्या धोंडीरामाच्या पाठीमागेही असे दुःख असण्याची शक्यता आहे. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून पाहा. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ ते १९६२ असे एकशे चार वर्षांचे आयुष्य जगले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले. त्यांच्या नावातला ‘धोंडो’ आज आपण किती आदराने उच्चारतो!

सगळीच जुनी नावे अशा मायेतून आलेली नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. मुलगा व्हावा म्हणून वाट पाहणाऱ्या घरांत आणखी एक मुलगी झाली की तिला नकुशा, म्हणजे नकोशी, असे नाव ठेवले जाई. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. त्या मुलींना रोज हाकेसरशी आपण नको होतो हे ऐकावे लागत होते. एखाद्या जुन्या नावाविषयी निर्णय घेताना मी हीच कसोटी लावतो : हे नाव कोणत्या भावनेने ठेवले गेले होते, आणि मोठे झाल्यावर मुलाने त्याचे कारण विचारले तर ते त्याच्या डोळ्यांत पाहून सांगता येईल का? धोंडीराम या कसोटीला पूर्ण उतरते. नकुशा उतरत नाही, आणि असे नाव कोणत्याही आजी-पणजीचे असले तरी ते पुन्हा ठेवू नये.

मग तुमच्या घरात मार्ग कसा निघेल? आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत फार जुनी आहे; पेशव्यांमध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या नातवाचे नाव बाळाजी बाजीराव होते, आणि त्यांना सर्वजण नानासाहेब म्हणत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नातवाचे नावही शिवाजीच ठेवले होते, पण इतिहास त्यांना शाहू महाराज म्हणून ओळखतो. टिळकांचे नाव केशव होते, बाळ हे घरातील हाकेचे नाव; पुढे तेच सर्वत्र रूढ झाले. म्हणजे मान्यवरांच्या घरांतही पाळण्यातले नाव आणि हाकेचे नाव वेगळे असे. वडिलांचे किंवा सासऱ्यांचे नाव घेऊन मुलाला रागवायचे कसे, या तुमच्याच अडचणीवर आपल्या मागच्या पिढ्यांनी काढलेला हा तोडगा आहे, आणि घरोघरीचे नाना, अप्पा, तात्या, अण्णा पुष्कळदा त्यातूनच आले. बारशात धोंडीराम हे नाव पाळण्यात घ्यावे, आजोबांच्या तसबिरीला नमस्कार करून घ्यावे, आणि जन्मनोंदणीत तुम्हा दोघांच्या आवडीचे नाव लिहावे. पतींनी गप्प राहू नये, हे वरच्या उत्तरात लिहिले आहे. ते त्यांनाही वाचायला द्या.


प्रश्न : आमच्या मुलाच्या नावावरून घरात एकमत होत नाही, आणि रुग्णालयातून नाव लवकर कळवा असा निरोप येतो आहे. नाव न देता जन्मदाखला मिळतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मिळतो. जन्माची माहिती एकवीस दिवसांच्या आत निबंधकाकडे जाणे आवश्यक असते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती रुग्णालयाकडूनच जाते. परंतु त्यात बाळाचे नाव असलेच पाहिजे असे नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते. नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत नाव कळवले तर त्यासाठी विलंब शुल्क लागत नाही, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येते. म्हणून रुग्णालयाच्या निरोपामुळे घाईने, किंवा घरातला वाद मिटवण्यासाठी तात्पुरते म्हणून, कोणतेही नाव लिहून देऊ नका. रिकामा रकाना भरणे सोपे असते. एकदा नोंदवलेले नाव बदलणे फार कटकटीचे होते.

ही काळजी आता पूर्वीपेक्षा अधिक घ्यावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली असून १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थान सिद्ध करण्यासाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा मानला जातो. त्यामुळे दाखल्यावरचे नाव आणि त्याचे रोमन लिपीतील लेखन पुढे सर्व कागदपत्रांत जसेच्या तसे जुळावे लागते. ज्ञानेश्वर, कृष्णा, वैष्णवी यांसारखी नावे निवडणार असाल तर त्यांचे रोमन स्पेलिंग आधी दोघांनी कागदावर लिहून पक्के करा आणि अर्जावर तेच लिहा. परदेशी जाण्यासाठी बाळाचे पारपत्र लगेच काढायचे असेल तर मात्र थांबता येणार नाही. तशी गरज नसेल तर तुमच्यापाशी पुरेसा वेळ आहे.